पहारा कुणासाठी, पहारा कुणावर

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या तारखा नंतर भरल्या. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



मला विषय दिलाय : सरकार नागरिकांच्या रक्षणासाठी सुरक्षा आणि गुप्तचर यंत्रणा कशी वापरतं. आमच्या टोळीतला एक जण ऐकून हसला. म्हणाला, तू मॅट्रिक झालेला, फाळक्यात उतरून माल काढणारा, फार तर चार कविता लिहिलेल्या. तुला गुप्तचरातलं काय कळतं? मी म्हटलं, गोदीत काम करणाऱ्याला नाही कळायचं तर कुणाला कळायचं? ह्या शहरावर मोठं मरण तीनदा पाण्याकडून आलंय. १९४४ ला, १९९३ ला आणि २००८ ला. तिन्ही वेळा सरकारकडं पहारा होता, खातं होतं, कागद होते. तरी मरण धक्क्याला लागलं.

आधी एक गोष्ट साफ करून टाकतो. आपल्यातली काही पोरं म्हणतात, ही यंत्रणाच सगळी आपल्या मुळावर उठलेली, नकोच ती. मी तसं म्हणणार नाही. ज्याच्या बंगल्यावर खाजगी वॉचमन आहे, गाडीमागं बंदूकवाले आहेत, त्याला सरकारी पहारा नसला तरी चालेल. रात्रपाळी करून फलाटावर पथारी टाकणाऱ्याला चालणार नाही. तेव्हा पहारा पाहिजे, चांगला पाहिजे. तो आपला हक्क आहे.

पण पहारा कशावर चालतो? खबरेवर. आणि खबर येते कुठून? दिल्लीतल्या एअरकंडिशन खोलीत खबर पिकत नाही. खबर खालून येते. कोळ्याला दिसते, हमालाला दिसते, टॅक्सीवाल्याला, झाडूवाल्याला, रात्री दूध टाकणाऱ्याला दिसते. आज मला एवढंच सांगायचंय, की सरकार ह्याच माणसांना डोळे म्हणून वापरतं आणि ह्याच माणसांना संशयित म्हणून मोजतं. आणि ह्या माणसांवर हल्ला व्हायची खबर असते, ती खबर म्हणून धरतच नाही. दोन्हीकडून रक्षण बोंबलतं.

यंत्रणा म्हंजे काय ते आधी बघू. आपल्या देशातलं सगळ्यात जुनं खातं म्हंजे आयबी, इंटेलिजन्स ब्यूरो. त्याचं मूळ ब्रिटिशांनी १८८७ साली काढलेल्या सेंट्रल स्पेशल ब्रँचमध्ये. परक्या सरकारला इथला माणूस काय बोलतो, कुठं जमतो हे हवं होतं. म्हंजे हे खातं जन्मलं ते जनतेवर नजर ठेवायला. स्वातंत्र्यानंतर तेच खातं देशाचं झालं. १९६२ ला चीनचं युद्ध, १९६५ ला पाकिस्तानचं. बाहेरची खबर कमी पडते हे दिसलं, म्हणून १९६८ ला रॉ वेगळं काढलं. राज्याचा स्वतःचा गुप्तवार्ता विभाग आहे, मुंबई पोलिसांची विशेष शाखा आहे. सगळ्यांची खबर एका जागी यावी म्हणून २००१ ला आयबीखाली मल्टी एजन्सी सेंटर उघडलं.

आता काम कसं चालतं? आपल्या गोदीसारखंच. फाळक्यात माल स्लिंगला लागतो. क्रेन उचलते. धक्क्यावर टॅली क्लार्क मोजतो. मग तो ट्रकवर चढतो. खबरेचंही तसंच. कुणीतरी गोळा करतो, कुणीतरी ताडून बघतो, कुणीतरी दुसऱ्या खबरेशी जुळवतो, आणि शेवटी ती वेळेत अशा माणसाच्या हातात द्यायची, जो उठून काहीतरी करेल. ह्यातला एक हात लुळा पडला की माल धक्क्यावर सडतो. खबर फायलीत सडली तर माणसं सडतात.

आता पहिली गोष्ट घ्या, १९४४ ची. तारीख १४ एप्रिल. बाबासाहेबांचा जन्मदिवस. महायुद्ध चालू होतं. व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज लागलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, वर कापसाच्या गाठी. सोनंसुद्धा. असला माल असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता. दुपारी दोनच्या सुमाराला दोन नंबरच्या फाळक्यात धूर दिसला. आगीचे बंब आले, पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं, अर्ध्या तासानं दुसरा धमाका. मेलेल्यांचा आकडा नक्की कुणालाच लागला नाही; कमीत कमी धरला तरी आठशेच्या आसपास, काही जण त्याहून कितीतरी जास्त सांगतात. आग विझवणारे ६६ जवान त्यात गेले. म्हणून आजही १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो.

पुढं ऐका. युद्धाच्या सेन्सॉरनं बातमी दाबली. मुंबईत काय झालं ते जगाला आधी सांगितलं जपान्यांच्या हातात असलेल्या सायगावच्या रेडिओनं. इथल्या पेपरांना छापायला मुभा मिळाली ती मे महिन्यात. म्हंजे शत्रूला दुसऱ्या दिवशी ठाऊक होतं, ज्याची माणसं मेली त्याला सरकार महिनाभर सांगत नव्हतं. असल्या गुप्ततेनं कुणाचं रक्षण झालं?

व्हिक्टोरिया डॉक आता भरणी करून बुजवलाय. पण त्यातला धडा बुजलेला नाही. सुरक्षेच्या नावाखाली काहीतरी लपवावं लागतं, ते मला मान्य आहे. खबर आणणाऱ्याचं नाव लपवा, कारवाईची वेळ लपवा. पण ज्याच्या डोक्यावर धोका लटकतोय त्याच्यापासूनच धोका लपवला, तर त्याला सुरक्षा म्हणू नका.

दुसरी गोष्ट १९९३ ची. १२ मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसं मेली. आरडीएक्स आलं कुठून? रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरनं. दिघी आणि शेखाडी. ज्या जिल्ह्यात महाडचं तळं आहे, त्याच जिल्ह्यात. आता सांगा, तिथं पहारा नव्हता? कस्टम होतं, पोलिस होते. कोर्टात जे सिद्ध झालं ते असं, की जानेवारीत पोलिसांनी रस्त्यात माल अडवला होता. अडवला, सौदा ठरवला, पैसे येईपर्यंत चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि गाडी सोडली. कस्टम आणि पोलिस खात्यातली माणसं त्या खटल्यात दोषी ठरली. त्याच साली व्होरा समिती नेमली गेली. गुन्हेगार, पुढारी आणि अधिकारी यांचं साटंलोटं तिनं सरकारपुढं मांडलं.

म्हंजे इथं खबर नव्हती असं नाही. खबर हातात होती, गाडीसकट होती. ती विकली गेली. यंत्रसामग्री कितीही आणा, दुर्बिणी आणा, उपग्रह सोडा. नाक्यावर उभा असलेला माणूस विकाऊ असला तर उपग्रह काय करणार? आणि तो नाक्यावरचा माणूस वरनंच शिकतो. वरचा खातो म्हणून खालचा खातो.

तिसरी गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. २६ नोव्हेंबर २००८. पण आपण ती टीव्हीवाल्यांनी सांगितली तशी पाठ केलीय, ताजपासून. मी पाण्यापासून सांगतो.

दहा जण कराचीहून निघाले. समुद्रात त्यांनी पोरबंदरचा कुबेर नावाचा मासेमारीचा ट्रॉलर धरला. त्यावर पाच माणसं होती, तांडेल धरून. पाचही मारली. म्हंजे २६/११ चे पहिले मेलेले मासेमारीवर पोट असलेले पाच मजूर. नंतर रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. त्यांना पहिल्यांदा कुणी हटकलं? नौदलानं नाही, तटरक्षक दलानं नाही, पोलिसांनी नाही. वस्तीतल्या कोळ्यांनी विचारलं, कोण रे तुम्ही, कुठनं आलात? त्यांनी उडवून लावलं आणि ते शहरात शिरले. सरकारचा अख्खा पहारा ओलांडून आलेल्यांना जाब विचारला तो उघड्या अंगाच्या माणसांनी. त्या माणसांच्या हातात तेव्हा काय होतं? ज्याला सांगितलं तर दोन मिनिटांत हालचाल होईल, असा एकही माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता.

वरून खबर नव्हती का? होती. समुद्रातून हल्ला होईल, मोठ्या हॉटेलांवर होईल, असे इशारे त्याच वर्षी आले होते. नंतर राज्य सरकारनं राम प्रधान समिती नेमली. इशारे आले पण ते हाताळण्यात गोंधळ होता, असं त्या समितीनं नोंदवलं. म्हंजे टॅली झाली, ट्रक आलाच नाही.

त्या रात्री १६६ माणसं गेली. टीव्हीचे कॅमेरे हॉटेलांवर रोखलेले. पण सीएसटीच्या हॉलमध्ये, जिथं लांबच्या गाडीसाठी माणसं बोचकी उशाला घेऊन पडलेली असतात, तिथं पन्नासावर मेली. आपल्या गोदीच्या दाराशी वाडीबंदरला टॅक्सीत ठेवलेला बॉम्ब फुटला. ती माणसं कुणाच्या लक्षात आहेत? गिरगाव चौपाटीवर कसाबला जिवंत धरला तो तुकाराम ओंबळे यांनी, हातात लाठी घेऊन. ओंबळे सहायक उपनिरीक्षक होते, म्हंजे खात्यातल्या उतरंडीत खालच्या पायरीवरचे. त्यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली म्हणून पुढचा सगळा कट उलगडला. खुद्द गुप्तचर यंत्रणेला सगळ्यात मोठी खबर मिळाली ती एका लाठीवाल्या पोलिसाच्या छातीतून.

त्यानंतर सरकार जागं झालं, हे खरं. डिसेंबर २००८ मध्ये एनआयए कायदा झाला. २००९ ला मुंबईत एनएसजीचा तळ आला, राज्यानं फोर्स वन उभी केली. किनाऱ्याच्या सुरक्षेची सगळी जबाबदारी नौदलाकडे दिली. सागरी पोलिस ठाणी वाढली, कोळ्यांना ओळखपत्रं दिली, होड्या रंगवायला लावल्या, सागर सुरक्षा दलं काढली. चांगलं झालं. पण बघा, कोळ्याला कार्ड दिलं. कार्ड म्हंजे काय? तू कोण ते तू सिद्ध कर. गोदीतही तसंच. पासशिवाय आत पाऊल नाही, डबा उघडून दाखव, खिसे उलटे कर. मी करतो, माझी हरकत नाही. पण मी विचारतो, मला काही संशयास्पद दिसलं तर मी कुणाला सांगू? माझ्याकडून ओळख घेता, मग माझ्याकडून खबर घ्यायची सोय कुठंय? सांगितलं तर पहिला मलाच आत घेऊन बसवतील, चार दिवसांची हजेरी बुडेल, ही भीती माझ्या टोळीतल्या प्रत्येकाला आहे. ही भीती म्हंजे देशाच्या सुरक्षेला पडलेलं भोक आहे. ते बुजवायला सॅटेलाइट लागत नाही. नुसतं नीट वागावं लागतं.

आता संशयाबद्दल बोलतो. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं मेली. तेरा जणांवर खटला चालला, २०१५ ला बारा दोषी ठरले, पाचांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष सोडलं. सरकारी पक्षाला काही सिद्ध करता आलं नाही असं सांगून. त्यातला एक जण त्याआधीच तुरुंगात मेला होता. सरकार पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलंय. पण तुम्ही एकोणीस वर्षांचा हिशेब करा. हे निर्दोष असतील तर बॉम्ब ठेवणारे कोण? ते कुठं फिरतायत? वस्तीतला मुसलमान पोरगा उचलला की पेपरात फोटो येतो, बढती मिळते, फाईल बंद होते. पण खरा माणूस मोकळा राहतो. चुकीचा माणूस धरणं हा त्या माणसावर अन्याय आहेच, शिवाय तुमच्याआमच्या जिवाशी खेळ आहे. आणि ज्या मोहल्ल्यातनं पोरगा उचलला, त्या मोहल्ल्यातून पुढची खबर कधी येईल का? कोण देईल?

आता आपल्या घरात येऊ.

बाबासाहेबांच्या सभांना ब्रिटिशांचा गुप्त पोलिस हजर असायचा. काय बोलले, किती जमले, लिहून वर पाठवायचा. ते अहवाल महाराष्ट्र सरकारनंच १९८२ ला छापलेल्या साधनांच्या खंडात आहेत. आज अभ्यासक तेच कागद वापरतात. म्हंजे नजर ठेवायला माणूस होता. पण १९२७ च्या मार्चमध्ये महाडला, तळ्याचं पाणी प्यायल्यावर, देवळात शिरणार अशी आवई उठवून आपल्या माणसांवर लाठ्या घेऊन लोक चालून आले, तेव्हा त्यांना वाचवायला कोण होतं?

तेव्हा राज्य परक्याचं होतं म्हणाल. मग २००६ घ्या. खैरलांजी, भंडारा जिल्हा, २९ सप्टेंबर. सुरेखा भोतमांगे आणि तिची मुलगी प्रियंका एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या. त्यातले आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर, चौघांना मारलं. साक्ष कुणी दिली ते पोलिसांना माहीत, कोण सुटलं ते माहीत, गाव माहीत. ह्यात गुप्त काय होतं? कुठला हेर लागणार होता? पुढं राज्यभर आपली माणसं रस्त्यावर आली, तेव्हा मात्र सरकारला लगेच त्यात नक्षलवाद्यांचा हात दिसला. खून व्हायच्या आधी जी नजर आंधळी होती, तिला मोर्चा निघाल्यावर एकदम चष्मा लागला.

१ जानेवारी २०१८ घ्या. भीमा कोरेगावची तारीख दरवर्षीची, कॅलेंडरवर छापलेली. दोनशे वर्षं होणार, लाखो लोक येणार, सगळ्या जगाला ठाऊक. तीन दिवस आधी शेजारच्या वढू बुद्रुकला गोविंद गायकवाडांच्या फलकावरून वाद पेटलेला. तरी त्या दिवशी आलेल्या लोकांवर दगड पडले, गाड्या जळाल्या, एक तरुण जिवानिशी गेला. चौकशी आयोग बसला. आणि यूएपीए लागला कुणाला? लेखकांना, वकिलांना, प्राध्यापकांना, कलाकारांना, एकूण सोळा जणांना. आनंद तेलतुंबडे एनआयएच्या स्वाधीन झाले तो दिवस १४ एप्रिल २०२० होता. पुन्हा तीच तारीख. ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीतच मेले, खटला सुरू व्हायच्या आधी.

माझ्यापुरतं सांगतो. एका कार्यक्रमात कविता वाचली, त्यानंतर आठवड्यात साध्या कपड्यातला एक जण आमच्या वस्तीत आला. चहावाल्याला विचारत होता, हा कुणाबरोबर उठतो-बसतो, घरी पुस्तकं कसली आहेत. कुठल्या खात्याचा ते सांगितलं नाही. त्याच महिन्यात जागा खाली करा म्हणून काही गुंड आमच्या गल्लीत तलवार दाखवून गेले. बायाबापड्या एका चौकीवर गेल्या. तक्रार लिहून घेतली नाही. कवितेसाठी माणूस मिळतो, तलवारीसाठी कागद मिळत नाही. 

हा रोग आपल्याकडंच आहे असंही नाही. आपल्या पँथरनं १९७२ ला ज्यांच्यावरून नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं बघा. त्यांच्या एफबीआयनं १९५६ पासून कोइंटेलप्रो नावाचा छुपा कार्यक्रम चालवला होता. मार्टिन ल्यूथर किंगचे फोन ऐकले. ब्लॅक पँथरमध्ये खबरे घुसवले. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टनला घरात गोळ्या घातल्या. वय २१. त्या घराचा नकाशा एफबीआयला त्याच्याच जवळच्या खबऱ्यानं काढून दिला होता. पण पुढची गोष्टही बघा. १९७१ ला कागद चोरीला जाऊन बाहेर फुटले, १९७५ ला त्यांच्या सिनेटनं चर्च समिती नेमली, खात्याचे धंदे चव्हाट्यावर मांडले, १९७८ ला परकी हेरगिरीच्या नावानं होणाऱ्या टॅपिंगला कोर्टाची परवानगी लागेल असा कायदा आला. म्हणून तिथं रामराज्य आलं असं नाही. पण निवडून आलेल्यांनी गुप्तचरांना समोर बसवून जाब विचारला. ब्रिटननं १९८९ आणि १९९४ ला कायदे करून आपल्या गुप्तचर खात्यांना चौकट घातली, पार्लमेंटची समिती बसवली.

आपल्याकडं? आयबी आणि रॉ संसदेच्या कुठल्या कायद्यानं उभी केलेली नाहीत. सरकारी हुकमावर चालतात. संसदेची त्यांच्यावर समिती नाही. २०११ ला एका खासदारानं खाजगी विधेयक आणलं होतं, ते तसंच विरून गेलं. मात्र १९८५ ला एक कायदा झाला, तो कशासाठी? गुप्तचर खात्यातल्या कामगारांनी युनियन करू नये म्हणून! फोन ऐकायचा हुकूम कोण काढतो? गृहसचिव. तो बरोबर की चूक कोण तपासतं? अधिकाऱ्यांचीच समिती. न्यायाधीश मध्ये कुठंच नाही. आणि आता जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. सरकारनं एखादी संघटना बेकायदेशीर ठरवली की तिचा सदस्य असणं हाच गुन्हा. नाव काय, तर जनसुरक्षा. जन कोण आणि सुरक्षा कुणाची हे आपण विचारायचं नाही!

बाबासाहेबांनी हे धोके ओळखले होते. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी घटना समितीत एक नवं कलम मांडलं. तेच आजचं कलम २२. अटक केलेल्याला कारण सांगा, वकील द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करा. प्रतिबंधक स्थानबद्धता त्याच कलमात आहे, पण तीही मोकाट नाही, तिला मुदतीचं आणि सल्लागार मंडळाचं दावं बांधलंय. राज्याच्या हातात ताकद हवी, हे त्यांना मान्य होतं. त्या ताकदीला कायद्याची वेसण हवी, हे त्यांनी लिहून ठेवलं.

मग करायचं काय? नुसत्या शिव्या घालून मोकळं व्हायचं? शिव्या मलाही येतात, गोदीतल्या येतात. पण हातात एक हत्यार आहे ते सांगतो.

ॲट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. कायदा सगळ्यांना माहीत, नियम कुणी वाचत नाही. नियम ३ म्हणतो, जिथं अत्याचार होण्याची शक्यता आहे असे भाग सरकारनं आधीच ओळखायचे. पोलिस अधीक्षकानं तिथं जाऊन परिस्थितीचा आढावा घ्यायचा. गरज पडली तर अनुसूचित जाती-जमातीत नसलेल्यांचे बंदुकीचे परवाने रद्द करायचे. नियम ८ म्हणतो, राज्याच्या मुख्यालयात एक संरक्षण कक्ष काढायचा. त्यानं ह्या भागांची पाहणी करायची, गुन्ह्याच्या संभाव्य कारणांचा तपास घ्यायचा, जादा पोलिसांची शिफारस करायची, आपल्या माणसांच्या मनात सुरक्षिततेची भावना परत आणायची. ऐकताय ना? हे गुप्तवार्तेचंच काम झालं! आधी खबर काढा, आधी जा, आधी थांबवा. खून झाल्यावर पंचनामा करायला या, असं नियम म्हणत नाही. अतिरेक्यांसाठी जे सरकार करतं तेच जातीच्या दहशतीसाठी करायचं, हे कायद्यानं लिहून दिलंय. नियम १६ प्रमाणं मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं वर्षातून निदान दोनदा बसायचं, जानेवारी आणि जुलैत. नियम १७ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्याच्या समितीनं दर तीन महिन्यांनी निदान एकदा.

तुम्ही शहरातली शिकलेली पोरं. प्रत्येकाचं गाव आहे, प्रत्येकाचा जिल्हा आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका : आमच्या जिल्ह्यात समिती गेल्या तीन वर्षांत कधी कधी बसली, इतिवृत्त द्या. आमच्या जिल्ह्यातली कुठली गावं अत्याचारप्रवण म्हणून ओळखली आहेत, यादी द्या. यादीतल्या गावांत पोलिस अधीक्षक कधी गेले, तारखा द्या. ते म्हणतील गुप्त आहे. आयबी, रॉ ह्यांना त्या कायद्याच्या कलम २४ नं सूट आहे. त्यांच्याबाबतीतसुद्धा भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या भंगाच्या आरोपांना सूट नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या समितीला तर कसलीच सूट नाही. दिलं नाही तर अपील करा. पोस्टाची पावती जपून ठेवा. मुंबईत बसून दहा पोरांनी दहा जिल्ह्यांत अर्ज टाकले, तर कुठल्या जिल्ह्यात पहारा जागा आहे आणि कुठं झोपलाय ह्याचा आपलाच नकाशा तयार होईल. तो ह्या मासिकात छापू.

आणि मागण्या तीनच ठेवू, जास्त नको. एक, गुप्तचर खात्यांना संसदेच्या कायद्याची चौकट आणि संसदेच्या समितीपुढं हजेरी. दोन, किनाऱ्यावर, गोदीत, रेल्वेत खबर देणाऱ्या मजुराला संरक्षण आणि बुडालेल्या हजेरीची भरपाई. तीन, नियम ३ आणि ८ ची अंमलबजावणी, तारखांसकट, जाहीर.

देशाची सुरक्षा ही काय त्यांच्या बापाची मालमत्ता नाही. मरणारे आपण, बघणारे आपण, धरणारेही आपणच. मग हिशेब मागणारे आपण का नको?

अर्जाचे नमुने मी लिहून आणलेत. दारापाशी ठेवलेत. जाताना एक एक उचला, आणि जिल्ह्याचं नाव आजच भरा.

जय भीम.